दोन बोटं कमी पडणारी दोरी

मराठीत माणसं येतात, जातात, जेवतात, झोपतात. पण रागावलेल्या बाईच्या तोंडी यातलं काहीच घडत नाही. तिथे माणूस येत नाही, कडमडतो. जात नाही, उलथतो. जेवत नाही, गिळतो. चहा ढोसतो, चटईवर पसरतो, गावभर उंडारतो, हसला तर दात काढतो आणि रडायला लागला की भोकाड पसरतो. रोजच्या धुतल्या-तोंडाच्या क्रियापदांमागे, माजघरातल्या अंधारात, ही दुसरी क्रियापदं दबा धरून बसलेली असत. दिवेलागण होऊन गेली, तुळशीपुढची पणती विझायला आली, आगरातल्या पाखरांचा कालवा शमला आणि तरी पोरं परतली नाहीत, की आजी उंबऱ्यात येऊन उभी राही, आणि मग ती क्रियापदं तिच्या ओठांवर एकामागून एक उतरत. चढ्या सुरात, पण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर किंचित लांबवून, ते लांबवलेलं अक्षर माड ओलांडून व्हाळापर्यंत पोचेल अशा बेतानं. त्या लांबवण्यावरूनच आम्हाला कळायचं, की घरी जायला हरकत नाही.

भीती वाटायची ती गप्प आजीची.

कोकणातल्या त्या घरात शब्दांना वजन नव्हतं, सुराला होतं. ‘मेल्या’ हा शब्द आजी दिवसातून किती वेळा उच्चारायची कुणास ठाऊक. कोशात पाहिलं तर तो मरणाचा शब्द. ‘मुडद्या’ त्याहून थेट. पण आम्ही त्या शब्दांवर वाढलो, धष्टपुष्ट वाढलो. पोर जगावं, कुणाची नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवणारे लोक आपण. लाडक्या पोराला मरणाचा शब्द वाहून टाकला, की खरं मरण त्या घरावरून पुढे जात असेल, असा काहीतरी हिशेब त्या बायांच्या मनात खोलवर असावा. तोंडानं ‘मेल्या’ म्हणत असताना हात काय करत असायचे? हात गुडघ्याला हळद दाबत असायचे. पदराच्या टोकानं पोराच्या कानामागची माती पुसत असायचे. ओल्या गवताचा, चुलीच्या धुराचा आणि हळदीचा मिळून एक वास असे, आणि त्या वासात ‘फुटलास ना पुन्हा? बरं झालं, फूट अजून’ असं काहीतरी चालू असे, आणि पानात तूप नेहमीपेक्षा जरा जास्त पडलेलं असे.

तुपाबद्दल कुणी काही बोलत नसे.

रागावण्याच्या पायऱ्या मराठीनं फार बारकाईनं बांधल्या आहेत. टोकणं, हटकणं, दटावणं, दरडावणं, खडसावणं. मग खरडपट्टी, हजेरी, फैलावर घेणं, पाणउतारा. वर चढत जावं तसा श्वास आखूड होत जातो. या सगळ्यांत मला दोनच शब्द जवळचे वाटतात. एक ‘कानउघाडणी’, कारण त्यात मारझोड नाही, मिटलेलं काहीतरी उघडणं आहे. आणि दुसरा जुना, आता कमी ऐकू येणारा: ‘रागे भरणं’. आई रागे भरली. राग बाहेर पडला, फेकला गेला, कुणाला लागला असं त्यात काहीच नाही. ती नुसती भरली, काठोकाठ आली, आणि ओसंडायच्या आत थांबली. काठाशी आलेलं ते पाणी थरथरताना दिसतं. थेंब सांडत नाही.

पुढे इंग्रजी वाचायला लागल्यावर एका क्रियापदाशी गाठ पडली. चाइड. कोशानं अर्थ दिला होता: दोष दाखवून बोलणे, सौम्यपणे रागावणे. शब्द जरा पुस्तकी. इंग्रज माणूस बोलताना तो क्वचितच वापरेल, पण कादंबरीत, अग्रलेखात, बातमीच्या मथळ्यात तो अजून नीटनेटका उभा असतो. त्याच्या शेजारी ‘हळुवारपणे’, ‘हसत हसत’ अशी क्रियाविशेषणं बसलेली दिसतात, आणि कशाबद्दल रागावलं तेही बहुधा साधंच असतं: उशीर केल्याबद्दल, पत्र न लिहिल्याबद्दल, ताटात टाकल्याबद्दल. कधी माणूस स्वतःलाच चाइड करतो, विसरभोळेपणाबद्दल. ज्या चुकीनं कुणाचं घर बुडत नाही अशा चुकीसाठी राखून ठेवलेला हा शब्द आहे. त्याचं भूतकाळी रूप आज ‘चाइडेड’, पण जुन्या पुस्तकांत ते ‘चिड’ असं येतं, आणि मराठी कान क्षणभर टवकारतो. नातं काही नाही. निव्वळ योगायोग. तरी पहिल्यांदा ते रूप वाचलं तेव्हा शेक्सपिअरच्या पानावर आमच्या आळीतली कुणीतरी बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे असा भास झाला होता खरा.

हा शब्द जन्मतः सौम्य नव्हता. जुन्या इंग्रजीत तो सरळ भांडणाचा शब्द. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये तो एका रणरणत्या जागी भेटतो. मिसर सोडून निघालेले लोक वाळवंटात आहेत, पाणी नाही, पोरं आणि गुरं तहानेनं कासावीस झाली आहेत, आणि ते मोशेवर तुटून पडतात. तिथे हाच शब्द आहे. आम्हाला इथे मारायला आणलंस का, असं ते विचारतात. मोशे देवाकडे तक्रार करतो, आता हे मला दगड मारतील म्हणतो. मग होरेबच्या खडकावर काठी पडते आणि पाणी वाहू लागतं. त्या जागेचं एक नाव मरीबा, भांडणाची जागा. कोरड्या पडलेल्या जिभांनी केलेली ती तक्रार, आणि तिच्या पाठोपाठ आलेलं ते थंड पाणी; मला नेहमी वाटतं, की या शब्दाचा पुढचा सगळा मऊपणा त्या पाण्यात भिजून आला असावा. हे भाषाशास्त्र नाही, माझी समजूत आहे. राहू दे.

शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये आर्डनच्या रानात एक मेंढपाळीण आहे, फीबी. तिच्या मागे बिचारा सिल्व्हियस प्रेमाची आर्जवं करत फिरतो आणि ती त्याला झिडकारते. पुरुषवेषातली रोझालिंड हे बघते आणि फीबीला चांगली फैलावर घेते: एवढा कसला तोरा, असलं निष्ठावान माणूस मिळालंय तर देवाचे आभार मान. आणि फीबी त्या रागावणाऱ्या ‘तरुणा’च्याच प्रेमात पडते! वर्षभर असंच रागाव, मी ऐकत बसेन, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणते. प्रेक्षक हसतात. हसण्यासारखंच आहे. पण सिल्व्हियसची गोड बोलणी तिच्या अंगावरून निथळून जात होती, आणि ही चार कडू वाक्यं मात्र आत गेली, कारण पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे नीट बघून बोललं होतं. स्तुती करायला माणसाकडे बघावं लागत नाही.

‘चाइड’चा एक चुलतभाऊ आहे, ‘स्कोल्ड’. त्याची गोष्ट इतकी कोवळी नाही. इंग्लंडच्या कायद्यात सतत वचावचा भांडणारी बाई हा एक गुन्हाच होता, आणि तो गुन्हा फक्त बाईवर लावता येई. तिला खुर्चीत बांधून तळ्यात बुचकळत. कुठे कुठे डोक्यावर लोखंडी सापळा चढवत, ज्याची पट्टी जीभ दाबून धरी. हा गुन्हा कायद्याच्या पुस्तकातून 1967 मध्ये गेला. एकोणीसशे सदुसष्ट. माझ्या आजीचा आवाज तेव्हा ऐन भरात होता.

ती इंग्लंडात नव्हती हे आमचं भाग्य.

पण रागावण्याची खरी गोष्ट मला भागवताच्या दशम स्कंधात सापडते. सकाळ आहे. यशोदा दही घुसळते आहे. रवीचा घुमता आवाज, हातातल्या कांकणांचा आवाज, कपाळावर घामाचे थेंब. पोर येऊन रवी धरून ठेवतं, ती त्याला मांडीवर घेते, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं, म्हणून त्याला खाली ठेवून ती धावते. झालं. पोराचे ओठ थरथरतात, दगड मारून तो डेरा फोडतो, आतल्या खोलीत जाऊन उखळावर चढतो आणि लोणी स्वतः खात खात माकडांनाही वाटतो. ती परत येते, फुटका डेरा बघते, आधी हसू येतं तिला, मग छडी घेऊन दबक्या पावलांनी मागून जाते. तो पळतो. ती धावते; अंबाडा सुटतो, केसांतली फुलं वाटेवर सांडत जातात, शेवटी तो सापडतो. रडत असतो, डोळे चोळून चोळून काजळ गालभर पसरलेलं असतं. त्याची ती भेदरलेली नजर बघितल्यावर यशोदा छडी टाकून देते. राग मात्र टाकत नाही. त्याला उखळाला बांधायचं ठरवते, दोरी आणते.

दोरी दोन बोटं कमी पडते.

ती दुसरी दोरी जोडते. दोन बोटं कमी. घरातली सगळी दावी आणून एकमेकींना गाठी मारते, आजूबाजूच्या गवळणी पदर तोंडाला लावून हसत असतात, ही घामाघूम होते, आणि तरी दर वेळी तीच दोन बोटं. मग तो बघतो, आई दमली. आणि बांधून घेतो.

वैष्णव टीकाकारांनी या दोन बोटांचा अर्थ लावला आहे: एक बोट भक्ताच्या श्रमाचं, एक देवाच्या कृपेचं. अर्थ सुंदरच आहे. पण मी ही गोष्ट वाचते तेव्हा माझं लक्ष तत्त्वज्ञानाकडे जात नाही, त्या दोन बोटांच्या रिकाम्या जागेकडे जातं; रागावणारं माणूस आणि रागावून घेणारं माणूस यांच्यामध्ये नेहमी उरणाऱ्या त्या जागेकडे. आवाज कितीही चढवा, शब्द कितीही जोडा, गाठीवर गाठ मारा. समोरच्यानं श्वास जरा आत घेऊन स्वतःला त्या वेढ्यात बसू दिलं नाही, तर गाठ बसत नाही. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘घेतलं ऐकून’. ऐकलं आणि ऐकून घेतलं यांच्यामध्ये ती दोन बोटं आहेत. आजीनं उंबऱ्यातून हाक मारली तेव्हा व्हाळापलीकडे पळून जायला आम्हाला कुणी अडवलं होतं? तिचे गुडघे दुखत, ती धावून धावून कुठवर धावणार? तरी आम्ही ओल्या चड्डीनिशी, माना खाली घालून, एकमेकांना ढोसत तिच्यासमोर जाऊन उभे राहत असू. मान खाली घालणं हेही एक देणं असतं, हे तेव्हा कुठे कळत होतं.

आळंदीच्या झोपडीची गोष्ट याच वाटेवरची. परंपरा सांगते, भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांना कुणीतरी लागट बोललं, संन्याशाचं पोर म्हणून हिणवलं. ते परत आले आणि ताटी लावून आत बसले. ज्यानं पुढे साऱ्या विश्वासाठी मागणं मागितलं, तो त्या दिवशी जगाकडे पाठ फिरवून बसला होता. बाहेर मुक्ताबाई. रूढ कालगणनेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म 1275 चा, तिचा 1279 चा. म्हणजे धाकटी, चिमुरडीच. ताटीचे अभंग म्हणून जे आपल्याकडे आले ते तिचं रागावणं आहे. ती संताची लक्षणं सांगते, समजूत घालते, मध्येच ठणकावते, लगेच मऊ होते. आणि सगळं आदरार्थी. धाकटी बहीण थोरल्या भावाला अहो-जाहो करत रागे भरते आहे, असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मी त्या ताटीकडे बघत राहते. ताटी म्हणजे काही वाड्याचा दरवाजा नव्हे. अडसर नाही, कडीकोयंडा नाही, काटक्यांचं विणलेलं एक झापड. फटींतून उजेडाच्या काड्या आत पडत असणार, बाहेरच्या चुलीचा धूर आत जात असणार, आतला श्वास बाहेर ऐकू येत असणार. मुक्ताबाईनं हातानं ढकलली असती तरी ती उघडली असती. तिनं ढकलली नाही. अभंगामागून अभंग ती बाहेर उभी राहिली, संध्याकाळ उतरत गेली असेल, इंद्रायणीवरून गार वारा आला असेल, आणि ती बोलत राहिली, थांबत राहिली, पुन्हा बोलत राहिली. ढकलण्याइतकं जवळ असूनही हात मागे घेऊन.

ताटी आतून उघडली.

त्याच मुक्ताबाईची दुसरी गोष्ट तेरढोकीच्या गोरोबाकाकांच्या घरची. संतमंडळी जमलेली, आणि तिच्या सुचवण्यावरून गोरोबा थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून बघतात, मडकं भाजलंय की कच्चं. सगळे गप्प ठोकून घेतात. नामदेवांना मात्र राग येतो. मडकं कच्चं, असा निवाडा होतो, सगळे हसतात, आणि नामदेव रुसून पंढरपुरी विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन जातात. गंमत अशी की देवही म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जाणं, गुरू भेटणं, हे पुढचं. लोक ही गोष्ट नामदेवांच्या अपुरेपणाची म्हणून सांगतात. मला त्या चिडलेल्या नामदेवांबद्दल माया वाटते. ते उठून गेले नसते, खोटंच हसून बसले असते, तर कच्चेच राहिले असते. ती दोन बोटं भरून काढायला त्यांना पंढरपूर ते औंढा एवढा रस्ता लागला, इतकंच.

आणि त्याच नामदेवांच्या घरातली जनी! गंगाखेडहून आलेली, दळणकांडण करणारी, शेण्या थापणारी. ती तर विठ्ठलालाच एकेरीत घेते, त्याच्या नावाचं पोरासारखं हाक मारायचं रूप करते, तोंडाला येईल ते बोलते. ज्याच्यापुढे राजे लवतात त्याला एक मोलकरीण शिव्या घालते, आणि तो तिच्या जात्याचा खुंटा धरतो. उखळाला बांधलेला पोरगा मोठा होऊन विटेवर उभा राहिला, तरी त्याची सवय गेली नाही म्हणायची.

सगळंच रागावणं असं नसतं, हे सांगायला हवं. टोमणा हा रागावण्याचा सावत्रभाऊ. तो समोर बघत नाही, भिंतीकडे बघून बोलतो. कचेरीत येणारी ती अतिशय सभ्य ई-मेलं, ज्यात एकही कडू शब्द नसतो आणि जी वाचून पोटात गोळा येतो, तीही त्याच घराण्यातली. शाळेत एका बाईंनी वर्गासमोर माझी वही दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, उंच केली होती. एक शब्दही बोलल्या नाहीत. वर्ग हसला. त्या वहीच्या निळ्या कव्हराचा रंग मला आजही बघवत नाही. अपमानाला माणूस सामील होऊ शकत नाही. तिथे जागाच सोडलेली नसते.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1935 साली छापून आलेल्या ‘श्यामची आई’त हे दोन्ही रंग आहेत. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला ती शिंपटीनं मारते. तो प्रसंग लहानपणीही मला सोसत नसे, आजही सोसत नाही, मग त्यामागचा हेतू कितीही थोर असो. पण अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी ती ओल्या धोंडीवर आपला ओचा पसरते, आणि मग जेमतेम एक वाक्य बोलते, मनाला घाण लागू नये म्हणूनही असाच जप. रागावणं म्हणावं का याला? शब्दांत तर मायाच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना लागलं ते शिंपटीपेक्षा हे.

आता घरात उलटं झालं आहे. आईला साखर आहे, आणि दुपारी सगळे आडवे झाले की स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण फार सावकाश, फार शहाण्या हातानं उघडल्याचा आवाज येतो. गुळाचा डबा. मी जाते तोवर खडा गालात गेलेला असतो आणि ती खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत उभी असते. उन्हाचा एक पट्टा ओट्यावरून तिच्या हातावर आलेला असतो. त्या हाताची कातडी आता इतकी पातळ झाली आहे, की ऊन तिच्यावर पडत नाही, आत शिरतं. ‘आई,’ मी म्हणते, आणि माझ्याही नकळत शेवटचं अक्षर लांबतं. मग मी बोलत सुटते: डॉक्टर काय म्हणाले, परवाचा आकडा किती होता, तुला लहान मुलासारखं किती वेळा सांगायचं. ती ऐकून घेते. हे सगळं तिला ठाऊक आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून तिनं माणसांची पथ्यं सांभाळली आहेत. एका नजरेत सबंध पंगत गप्प करणारी ही बाई, तिनं त्या नजरेचा एक कवडसा माझ्यावर टाकला तरी माझं वाक्य अर्ध्यात तुटेल. ती टाकत नाही. मान खाली घालते, ओठांच्या कोपऱ्यात गुळाइतकंच हसू लपवते, आणि म्हणते, ‘नाही हो खात आता.’

आई दमली, असं त्या पोरानं पाहिलं होतं. लेक दमली, असं ही बघते.

एकदा असंच तिची वाट बघून बघून मी दारात उभी होते. कोपऱ्यावरच्या देवळात गेलेली बाई, दिवे लागले तरी परतली नव्हती, फोन घरातच. ती दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कुठे कडमडली होतीस इतका वेळ?’ आजीचं क्रियापद, आजीच्याच सुरात. मला वाटलं ती हसेल. आई जिन्यावर एक पायरी खाली थांबली. मग वर आली, चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘तुम्हा मुलांना ते गोड लागायचं. मला सुनेला नाही हो लागायचं.’

तोच उंबरा, तोच आवाज, तीच ‘उलथली’ आणि ‘गिळा’. विहिरीवरून पाणी आणायला उशीर झालेली, नुकती विशीत आलेली माझी आई घरी परतत असे, तेव्हा तिच्यासाठी ते शेवटचं अक्षर लांबत नसे. की लांबत असे, आणि तिला ते ऐकू येत नसे? तिला विचारलं. ती म्हणाली, ‘काय माहीत. तेव्हा मान वर करून बघितलंच नाही कधी.’ आमच्यापुढे पळून जायला व्हाळ होता, रान होतं. परत येणं हे आमचं देणं होतं. तिला जायला जागा कुठे होती? दोरी तिच्याबाबतीत कधी कमी पडलीच नसणार. दोन बोटं सोडायला आधी तेवढी मोकळी जागा माणसाच्या अंगाभोवती असावी लागते, आणि ती प्रत्येक घरात प्रत्येकाला मिळत नव्हती. त्या दिवसापासून आजीच्या आठवणींतला हळदीचा वास तोच आहे, पण त्यात लांब कुठेतरी घागरीचा काठ दगडावर आपटल्याचा आवाज मिसळला आहे.

तरी आजीवर राग धरता येत नाही. आईनंही धरलेला नाही. शेवटच्या आजारपणात आजीला चमच्यानं पेज भरवताना आई तिला दटावत असे, ‘उघडा तोंड, गिळा आता मुकाट्यानं,’ आणि आजी तोंड उघडत असे. ते मी पाहिलं आहे. त्या दोघींमध्ये त्या वेळी काय चाललं होतं ते त्यांनाच माहीत.

ही क्रियापदं आता घराघरांतून निघून चालली आहेत. आमच्याकडे फ्लॅटला उंबरा नाही, पोरं उंडारत नाहीत, खोलीचं दार लावून फोनवर असतात, आणि परदेशातल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर आजीनं ‘मेल्या’ म्हटलं तर त्याला आधी अर्थ सांगावा लागतो; अर्थ सांगितला की ते पोर घाबरतं. मोल्सवर्थनं 1831 मध्ये आणि मग वाढवून 1857 मध्ये मराठी शब्दांचा केवढा मोठा कोश केला. पण शेवटचं अक्षर कुठे किती लांबवायचं ते कुठल्याच कोशात लिहिता येत नाही. म्हणून एक विनंती. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्याच्या शेजारी बसा, आणि तुम्हाला कोण, कसं, कोणत्या शब्दांत रागावत असे ते विचारून उतरवून ठेवा. जमलं तर त्यांच्याच आवाजात भरून ठेवा. आणि त्याच बैठकीत हेही विचारा, की ते तुम्हाला कसं लागायचं.

हा दुसरा प्रश्न आधी सुनांना विचारा.